लिव्हर आणि पित्ताशय सांभाळायचं तर मराठवाड्याच्या ताटात काय ठेवायचं, काय काढायचं? (मोठा धागा आहे, सवडीनं वाचा)

मांजराकाठची (लातूर)

मंडळी, बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. मी आहारतज्ज्ञ आहे, लातूरला काम करते, आणि गेल्या काही वर्षांत माझ्याकडं येणाऱ्यांच्या हातात सोनोग्राफीचा तोच तो रिपोर्ट असतो. फॅटी लिव्हर ग्रेड वन, नाहीतर टू, कुणाला त्यासोबत पित्ताशयात खडे. पन्नाशीतली माणसं सोडा, तिशीतली पोरं येतात, दिवसभर खुर्चीवर काम करणाऱ्या ताई येतात, अंगानं काटकुळी माणसं सुद्धा येतात आणि म्हणतात मॅडम मी तर बारीक आहे, मला कामून झालं? आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, लिव्हर साफ करायला काय पिऊ?

तर आधी हे सांगते की काही पिऊन लिव्हर साफ होत नाही. तिथं घाण साठलेली नसते, चरबी साठलेली असते, आणि ती कुठल्या काढ्यानं वाहून जात नाही. वरून येणारी साखर, मैदा, तेल कमी झालं आणि अंग हललं की लिव्हर स्वतःच ती जाळायला लागतं. वजन ५ टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, ७ ते १० टक्के उतरलं तर सूज पण उतरायला लागते. म्हणजे ८० किलोच्या माणसाला ४ किलोपासून फायदा सुरू. बारीक दिसणाऱ्यांनी पोटाचा घेर मोजा, पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायांना ८० च्या वर असेल तर हातपाय कितीही काटकुळे असू द्या, आत चरबी आहे असंच धरायचं. सरकारनं पण २०२१ मध्ये फॅटी लिव्हर हे मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंय, इतकं ते वाढलंय.

साखरेचं जरा सविस्तर सांगते. आडतीवर हिशोब लिहिणारे एक काका आले होते, म्हणाले मी गोड खातच नाही, सणालाच काय ते. मी समोर रिकामी वाटी ठेवली आणि म्हटलं दिवसभरात जितके चहा होतात तितक्या वेळा दोन-दोन चमचे साखर यात टाका. घरचे दोन, दुकानावर गिऱ्हाईक आलं की होणारे तीन, संध्याकाळी चौकातला एक. १२ चमचे झाले, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणतं वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. काका वाटीकडं बघतच राहिले. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि ते पचवायचं काम मुख्यतः लिव्हरच्याच गळ्यात पडतं, गरजेपेक्षा जास्त आलं की त्याची चरबी करून तिथंच ठेवतं. कोल्ड्रिंकची २५० मिलीची बाटली म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास साखर, अख्ख्या दिवसाचा कोटा एका घोटात.

आता काय खायचं. आपली ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, हरभऱ्याचा घोळाणा, करडीची भाजी, तांदुळजा, अंबाडी, मोड आलेली मटकी, हुलग्याचं (कुळथाचं) माडगं, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, ताक. माझ्या मते लिव्हरसाठी याहून चांगलं ताट महागडा डाएट प्लॅन विकत घेऊन पण मिळायचं नाही. आपण काय केलं, भाकरी थापायचा कंटाळा म्हणून मैद्याचा पाव आणला, माडग्याच्या जागी बिस्किट आलं आणि भाजीवर तर्री वाढली. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की नवीन काही आणण्याआधी हे परत आणा.

विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं उत्तर देते.

उदगीरकर

ताई चांगलं लिहिलंत. पण मी तर साखर सोडून दीड वर्ष झालं, गुळाचा चहा घेतो, गूळ लिव्हरला चांगला असतो ना? आमच्या भागात गुऱ्हाळं आहेत, केमिकल नसलेला गूळ मिळतो.

मांजराकाठची (लातूर)

@उदगीरकर दादा, गुळात थोडं लोह असतं, चव चांगली असते, पण त्याचा बहुतेक भाग साखरच आहे आणि लिव्हरला तो साखरेसारखाच पोचतो. केमिकल नाही ही चांगली गोष्ट आहे पण त्यानं साखर कमी होत नाही. मधाचं पण तेच. तुम्ही गुळाचा चहा एक-दोन कपांवर आणा आणि गूळ निम्मा करा, आठ-दहा दिवस अळणी लागेल मग जीभ वळते. आणि फळाचा रस नको, फळ खा. पेरू चावून खाल्ला तर एकात पोट भरतं, मोसंबीचा रस काढला की चार मोसंब्या एका ग्लासात जातात आणि चोथा टाकून देतो आपण.

बिनसाखरेची कॉफी चालत असेल तर जरूर घ्या. रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हर कडक होण्याचं प्रमाण कमी दिसतं असं बऱ्याच देशांतल्या अभ्यासात आलंय. झोप उडत असेल, ॲसिडिटी होत असेल तर मात्र ओढूनताणून पिऊ नका.

आष्टीची_लेक

ताई माझ्या आईला पित्ताशयात खडा निघाला ८ एमएमचा. रात्री जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं, पाठीत खांद्याकडं चमक जाते, दोन-तीन तासांनी आपोआप थांबतं, आम्ही कितीतरी महिने पित्त समजून गोळ्याच देत होतो. शेजारच्या काकू म्हणतात पानफुटीचा रस आणि हुलग्याचं पाणी दे, खडा विरघळून लघवीतून जातो, त्यांच्या मालकाचा गेला. आणि आईचे उपास लई आहेत, मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी आणि नवरात्र निर्जळी सारखंच. तिला काय देऊ सांगा, ती ऐकत नाही कोणाचं.

मांजराकाठची (लातूर)

@आष्टीची_लेक काकूंच्या मालकांचा मुतखडा असणार. पित्ताशयातल्या खड्याला लघवीकडं जायला वाटच नाही, पित्ताची नळी आतड्यात उघडते. कितीही पाणी प्या, हुलगे प्या, हा खडा लघवीतून पडणार नाही. हुलगे खायला उत्तमच आहेत, डाळ म्हणून खाऊ द्या, औषध म्हणून वाट बघत बसू नका.

पित्ताशयाचं काम कसं चालतं ते थोडं सांगते म्हणजे आईला पटवता येईल. लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. त्यातलं काही लिव्हरखालच्या लहानशा पिशवीत जाऊन घट्ट होत बसतं. आपण जेवलो, जेवणातलं तेल-तूप आणि डाळ आतड्यात पोचली की ती पिशवी आवळते आणि पित्त बाहेर येतं. आता माणूस दिवसभर उपाशी असलं तर ती आवळतच नाही, आतलं पित्त तसंच पडून राहतं, दाट होतं, गाळ बसतो आणि त्या गाळातून खडे होतात. म्हणून वारंवार उपास आणि झटपट वजन उतरवणं या दोन्हींनी खड्याची भीती वाढते. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगानं वजन उतरवणाऱ्यांना तर हमखास सांगते, थांबा, अर्धा ते एक किलो पुरे.

आईचा खडा आहेच, दुखतंय सुद्धा, म्हणजे तिच्यासाठी एका वेळचं तेलकट मोठं जेवण हाच त्रास. दिवसभर उपाशी आणि रात्री साबुदाणा वडा, बटाट्याचा तळलेला कीस, वरून शेंगदाण्याची चटणी, नेमकं हेच टाळायचं. उपास मोडा असं मी म्हणत नाही, श्रद्धा आहे तिची. पण सकाळी ताक आणि फळ, दुपारी भगर आणि दाण्याची पातळ आमटी दाणे कमी घालून, चार वाजता उकडलेलं रताळं, रात्री लवकर राजगिऱ्याची भाकरी आणि काकडी-दही, असं चार वेळा थोडं थोडं खाऊ द्या. निर्जळी मात्र सोडायलाच लावा, त्यासाठी डॉक्टरांच्या तोंडून सांगा, तेव्हा ऐकतील.

आणि हे लक्षात ठेवा. आहारानं दुखणं कमी वेळा येईल, असलेला खडा जाणार नाही. दुखणं पाच-सहा तासांवर गेलं, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शी मातकट पांढरी झाली तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. खडा नळीत अडकला की कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, त्यात जीव जाऊ शकतो. दुखणारा खडा आहे म्हटल्यावर सर्जनला एकदा दाखवूनच घ्या. ज्यांना काहीच दुखत नाही, सहज सोनोग्राफीत खडा दिसला, त्यांना बहुतेक वेळा ऑपरेशनची घाई नसते, त्यांनी घाबरून जाऊ नये.

जालनेकर७७

एक सांगू का, माझ्या साडूनं ऑलिव्ह ऑइल, लिंबाचा रस आणि ते एप्सम सॉल्ट असा कोर्स केला एका रात्रीचा, सकाळी शौचात हिरवे हिरवे खडे पडले, वाटाण्याएवढे, मी फोटो बघितलाय. तुम्ही डॉक्टर लोक ऑपरेशनच सांगायलेत, घरगुती उपाय कुणी सांगत नाही. लोकांना फायदा होत असेल तर करू द्या की.

औषधवाला (नांदेड)

@जालनेकर७७ भाऊ माझं मेडिकल आहे, हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो म्हणून लिहितो. साडूंना बाहेर पडलेलं दिसलं ते खरंच दिसलं, पण ते खडे नव्हते. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात अशाच एका बाईच्या हिरव्या खड्यांची तपासणी छापून आली होती. त्यात कोलेस्टेरॉल नाही, पित्त नाही, कॅल्शियम नाही, पाऊण भाग तेलातलीच आम्लं निघाली. पोटात तेल, लिंबू आणि पोटॅशियम एकत्र येऊन साबणासारखे गोळे तयार होतात. ४० डिग्रीला दहा मिनिटांत वितळून त्याचं हिरवं तेल झालं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये नुसतं अंगणात ठेवलं तरी वितळतील. खरा खडा असा वितळत नाही. साडूंची परत सोनोग्राफी केली का? करून बघा, खडे जागेवरच असतील.

आणि यात खरी भीती वेगळी आहे. इतकं तेल एकदम पोटात गेलं की पित्ताशय जोरात आवळतं आणि एखादा बारीक खडा नळीत जाऊन बसू शकतो. मग ताई म्हणाल्या तसं कावीळ नाहीतर पँक्रियाजला (स्वादुपिंडाला) सूज.

आता विषय निघालाच आहे तर गुळवेलीचं पण सांगतो. कोरोनात घराघरात गुळवेलीचा काढा सुरू झाला, २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटना लिव्हरची इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वाद आहे, तो मला मिटवता येणार नाही. पण ज्याचं लिव्हर आधीच दुखावलंय त्यानं मनानं काढे, जिमच्या पावडरी, ग्रीन टीच्या कॅप्सूल, हळदीच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेऊ नयेत, हे मी काउंटरवर ओरडून सांगतो. स्वयंपाकातली हळद बिनधास्त खा, तो भाग वेगळा. आणि दारू पिऊन डोकं दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्यावर गोळ्या घेणारे तर लई बघायलोय, ती गोळी दिवसाला ४ ग्रॅमच्या वर गेली की चांगल्या लिव्हरला पण विष आहे, पिणाऱ्याला त्याच्या आधीच.

जालनेकर७७

बरं. साडूला सोनोग्राफी करायला सांगतो. दारूचं विचारायचं राहिलं, आठवड्यातून एकदा दोन पेग चालतात का फॅटी लिव्हरमध्ये? मित्रांसाठी विचारतोय असं नाही, माझ्यासाठीच विचारतोय.

मांजराकाठची (लातूर)

@जालनेकर७७ बरं केलंत विचारलंत. फॅटी लिव्हर निघालंय ना, मग बंदच ठेवा. थोडी घेतलेली चालते असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण एकाच लिव्हरवर दोन्हीकडून भार पडतो, साखर-चरबीचा पण आणि दारूचा पण, आणि दोघं मिळून नुसती बेरीज होत नाही, जास्तच होतं. बिअर पण दारूच. सोबतचा चकणा, तळलेले शेंगदाणे-फरसाण, तो हिशोब वेगळा.

काळी_माती (परभणी)

वाचून समाधान वाटलं बगा. आमच्या घरी करडई आहे, ह्या वर्षी पण परभणी कुसुम पेरली, आपल्या कृषी विद्यापीठाचंच वाण आहे. कोवळी असताना भाजी खातो, तेल घाण्यावर काढून आणतो. घाण्याचं तेल असल्यावर ते लिव्हरला बाधत नाही असं आमचा समज, बरोबर आहे का? आणि एक, पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी आणि बुरशी आलेल्या शेंगा, विकायला भाव येत नाही म्हणून घरी खायला ठेवतात लोक, त्याचं काय?

मांजराकाठची (लातूर)

@काळी_माती दादा, दुसरा प्रश्न फार मोलाचा विचारलात, आधी तेच लिहिते. बुरशी आलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते थेट लिव्हरवर जातं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरच्या कॅन्सरची भीती वाढते, ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांना तर फारच. भाजून, तळून ते पूर्ण जात नाही. चटणीत लसूण-तिखट घातलं की वास कळत नाही म्हणून लोक असे दाणे चटणीला वापरतात, तेच सगळ्यात वाईट. सुरकुतलेले, रंग बदललेले, हिरवट-काळी बुरशी दिसणारे, कडू लागणारे दाणे निवडून फेकायचे, जनावराला पण नाही घालायचे. शेंगा चांगल्या खळखळ वाजेपर्यंत वाळवून मगच पोत्यात भरायच्या आणि पोतं ओल्या भिंतीला टेकवायचं नाही. बुरशीनं काळी पडलेली ज्वारी पण खायला ठेवू नका. भाव मिळत नाही हे दुःख मला कळतं, माझं माहेर शेतकऱ्याचं आहे, पण ते दाणे पोरांच्या ताटात नको.

तेलाचं म्हणाल तर करडईचं तेल चांगलंच आहे, पण घाण्याचं असो की पाकिटातलं, एका ग्रॅमला ९ कॅलरी सगळ्यांच्याच. माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास पुरे. चार माणसांच्या घरात दोन लिटर. महिन्याच्या एक तारखेला तेवढंच तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा, बरणी वीस तारखेला संपली तर उत्तर मिळालं. तळणीचं तेल गाळून परत परत तापवायचं नाही.

गोदाकाठ

पाऊस सुरू झाला की आमच्या गावात कावीळ येते. मग कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी काढतं, कुणी नाकात औषध टाकतं. घरात तेल, हळद, मीठ सगळं बंद, नुसता उसाचा रस आणि मुरमुरे. माणूस पंधरा दिवसांत वाळून जातं. खरंच हळद बंद करायची असते का?

मांजराकाठची (लातूर)

नाही, हळदीचा त्या पिवळेपणाशी काही संबंध नाही, तो पिवळेपणा बिलिरुबिनचा, म्हणजे पित्तातल्या पिवळ्या रंगाचा आहे. पावसाळ्यातली कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए नाहीतर ई, दूषित पाण्यातून येते, आणि बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणूनच माळ घालणाऱ्याला यश मिळतं. चुन्याच्या पाण्याचं असं की आधी हाताला जो झाडपाल्याचा रस लावतात तो चुन्याला लागला की पिवळा होतो, तुमच्या-माझ्या हाताचं पण निघेल, करून बघा. नाकातलं औषध मात्र अजिबात नको.

आजारी माणसाला उपाशी ठेवायचं नाही. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, ताक, इडली, उकडलेली भाजी, थोडं तेल चालतं, मळमळ असेल तर सकाळी जास्त आणि रात्री कमी द्या कारण मळमळ संध्याकाळी वाढते. गाड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस तर नकोच, ज्या पाण्यानं कावीळ आली तसल्याच पाण्याचा तो बर्फ असायचा. पाणी उकळून प्या. आणि घरात गरोदर बाई असेल, शेवटचे तीन महिने असतील आणि डोळे पिवळे दिसले तर एक दिवस पण घरी ठेवू नका, हिपॅटायटिस ई त्या काळात जिवावर बेततो. माणूस असंबद्ध बोलायला लागलं, सारखी झोप यायला लागली, तरी तेच, ताबडतोब मोठा दवाखाना.

सूनबाई_हिंगोली

सासऱ्यांचं दुर्बिणीतून पित्ताशय काढलं मागच्या महिन्यात. एका नातेवाइकांनी सांगितलं आता जन्मभर तेल-तूप बंद. ते पार हिरमुसलेत, जेवणच कमी केलंय. दोनदा पातळ संडास पण होतेय रोज.

मांजराकाठची (लातूर)

@सूनबाई_हिंगोली जन्मभर काही बंद नाही, त्यांना आजच सांगा. पिशवी काढली तरी पित्त लिव्हर बनवतंच, फक्त साठवायची जागा गेली, आता ते थेंब थेंब सरळ आतड्यात येतं. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे एकदम तेलकट मोठं जेवण झेपत नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या, प्रत्येक वेळी चमचाभर तेल-तूप चालेल. पातळ संडास पण त्यामुळंच, बहुतेकांची हळूहळू थांबते. ओट्स, केळं, सोललेलं सफरचंद, मऊ शिजवलेली भेंडी, थोडं इसबगोल ताकातून, असा विरघळणारा तंतू त्या पित्ताला धरून ठेवतो. तिखट-चहा कमी करा. ताप, पोटदुखी, पिवळेपणा यातलं काही असेल किंवा जुलाब वाढले तर सर्जनला फोन करा.

हाच तंतू बाकीच्यांना पण कामाचा आहे. पित्तातली आम्लं ९५ टक्के आतड्यातून परत लिव्हरकडं जातात. हरभरा, मटकी, हुलगे, जवस, भेंडी, पेरू खाल्ला की त्यातली थोडी अडकून बाहेर पडतात आणि लिव्हरला नवीन बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. म्हणून मी उसळीवर इतका जोर देते.

खाम_नदी (संभाजीनगर)

नानखलिया (नान आणि मटणाचा रस्सा) बंद करायचा का मग? शुक्रवार आला की जीव राहत नाही.

मांजराकाठची (लातूर)

खडा दुखत नसेल तर महिन्यातून एकदा खा, दुपारी खा, वरची तर्री काढून ठेवा, नान अर्धा घ्या आणि सोबत कांदा-काकडी भरपूर. रात्री दहानंतर नको. खडा दुखणारा असेल तर ऑपरेशन होईपर्यंत नाहीच. रोजच्या प्रोटीनसाठी अंडी, मासे, बिनकातडीचं चिकन, डाळ, हे तळल्याशिवाय खा की. पुष्कळ लोक लिव्हरच्या भीतीनं डाळ-अंडी सोडतात आणि भात वाढवतात, उलटं होतंय ते.

उदगीरकर

ताई एक दिवसाचं ताट लिहा ना, बायकोला दाखवतो. माप पण सांगा.

मांजराकाठची (लातूर)

वजन, शुगर, किडनी बघून माप बदलतं, तरी ढोबळ सांगते. सकाळी बिनसाखरेचा नाहीतर अर्धा चमचा साखरेचा चहा, नाश्त्याला भरपूर भाज्या घालून चुरमुऱ्यांचा सुशीला आणि सोबत मोडाची मटकी, किंवा एक ज्वारीचं धपाटं कमी तेलावर आणि दही. दुपारी दीड-दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी दोन वाट्या, जवसाची चटणी दोन चमचे, ताक. चार वाजता पेरू किंवा मूठभर फुटाणे, बिस्किट नाही. रात्री आठच्या आत हुलग्याचं माडगं नाहीतर मुगाची खिचडी-कढी आणि कोशिंबीर. जेवल्यावर वीस मिनिटं चाला, बायकोलाही सोबत घ्या, ताट तिचं पण तेच ठेवा, नाहीतर तिला दोन स्वयंपाक पडतात आणि महिन्याभरात सगळं बंद पडतं. तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी परत करा.

येळवसेला (वेळ अमावास्येला) शेतात जी भज्जी करतो ना आपण, ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, पालेभाज्या, चिंचेचा कोळ, थोडं बेसन, सोबत बाजरीचे उंडे आणि आंबील, ते वर्षातून एकदाच का? हिवाळाभर दर रविवारी करा. उंडे तळायचे नसतातच, उकडलेले असतात.

आष्टीची_लेक

आईला सर्जनची तारीख मिळाली, निर्जळी सोडायला कबूल झाली. ताई जवसाची चटणी माझी नेहमी कडू होते, तुम्ही कशी करता?

मांजराकाठची (लातूर)

फार बरं झालं, सर्जनकडं जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या. आणि चटणीला मंद आचेवर भाज, जवस तडतडायला लागले की लगेच ताटात काढ, कढईतच राहिले की करपून कडू होतात. पूर्ण गार होऊ दे, मग लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ घालून खलबत्त्यात भरड कुट, मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरव, नाहीतर तेल सुटतं. आठवड्यापुरतीच कर आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेव, जवसाचं तेल लवकर खवट होतं. खडा दुखतोय तोवर आईला एकच चमचा वाढ.